बांध उघडाबोडकाच बरा

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे उत्तर कशाचं आहे ते कळेल. गावाचा पाझर तलाव १९७३ सालचा, दुष्काळी कामावर झालेला. मातीचा बांध २४० मीटर लांब, मधोमध ८ मीटर उंच, उजव्या अंगाला २० मीटरचा सांडवा, म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी जायची वाट. भरला की साधारण १२ हेक्टरवर पाणी पसरतं. पोरं पोहतात, सकाळ-संध्याकाळ लोक बांधावर फिरतात, गणपती तिथेच बोळवतात, आणि तलावाच्या जिवावर खालच्या विहिरी मार्चपर्यंत तग धरतात. गावातल्या तरुणांच्या मनात चार गोष्टी आहेत. सांडव्यावर अर्धा मीटर उंची वाढवून पाणी जास्त अडवायचं (पोत्यांची एक ओळ गेल्या वर्षी लावलीसुद्धा). बांधाच्या माथ्यावर पेव्हर ब्लॉक, बाकडी, दिवे आणि उतारावर झाडं लावायची. दोन-तीन होड्या आणायच्या. आणि खालच्या बाजूला पायथ्याशी गेल्या आश्विनापासून जी ओल दिसते, तिचं काय करायचं ते ठरवायचं. शेवटी एका पिंपळाबद्दल विचारलं आहे, त्याकडे मी शेवटीच येतो.

लघुसिंचनाच्या कामांवर माझी चौतीस वर्षं गेली. शाखा अभियंता म्हणून लागलो, उपअभियंता म्हणून सुटलो. नकाशे कमी आणि बांध जास्त पायाखाली घातले, त्यामुळे मी सांगतो त्यात पुस्तकी भाग थोडा आहे.

पहिलं काम आज करा. ती पोती काढा. हे उत्तर पूर्ण वाचायच्या आधी काढलीत तरी चालेल.

सांडवा ही तलावाची वाया जाणारी जागा आहे असं गावात सगळ्यांना वाटतं, कारण पाणी तिथून डोळ्यांदेखत वाहून जातं आणि जीव तुटतो. पण मातीचा बांध उभा आहे तो सांडव्यामुळे. दगडी भिंतीवरून पाणी गेलं तर भिंत बहुधा टिकते. मातीच्या बांधावरून वीतभर पाणी तासभर गेलं तरी खालचा उतार कापला जातो, आणि एकदा घळ पडली की ती मागे मागे खात माथ्यापर्यंत येते. गुजरातमध्ये मोरबीच्या वरच्या अंगाला मच्छू-२ धरण ११ ऑगस्ट १९७९ ला फुटलं ते असंच. सांडव्याच्या आवाक्याबाहेरचा पूर आला, दोन्ही बाजूंच्या मातीच्या भरावांवरून पाणी गेलं आणि भराव वाहून गेले. दगडी सांडवा मात्र मधे उभाच राहिला.

आता तुमच्या सांडव्याचा हिशेब. रुंद माथ्याच्या सांडव्यावरून सेकंदाला किती घनमीटर पाणी जाईल, याचं ढोबळ सूत्र १.७ गुणिले लांबी गुणिले पाण्याच्या उंचीचा दीड घात. तुमचा सांडवा २० मीटर. पुराचं पाणी त्यावरून १ मीटर उंचीने जाईल असं धरून बांधाची उंची ठरवलेली असते. म्हणजे १.७ × २० × १ = ३४ घनमीटर. सांडव्याचा उंबरा अर्धा मीटर वर उचलला आणि पुराची पातळी तीच ठेवायची म्हटली, तर पाण्याला उरते अर्धा मीटर उंची. अर्ध्याचा दीड घात होतो ०.३५. म्हणजे ३४ च्या जागी १२ घनमीटर. उंबरा उचललात अर्ध्या मीटरने आणि सांडव्याची ताकद राहिली एक तृतीयांश. उरलेलं दोन तृतीयांश पाणी कुठे जाणार? ते तलावात चढत राहणार आणि बांधाचा माथा शोधणार.

कोणी म्हणेल, बांधाला वर मोकळी उंची सोडलेली असतेच की, ती वापरू. ती लाटांसाठी आणि माती दबण्यासाठी सोडलेली असते, आणि पन्नास वर्षांत ती तुम्ही बरीचशी वापरूनही झाली आहे. बांध जिथे सर्वांत उंच, तिथेच सर्वांत जास्त दबतो, म्हणजे मधोमध. त्यात गुरांच्या वाटा, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या. एक गोष्ट करून बघा. गवंड्याकडची पारदर्शक लेव्हल पाइप घ्या आणि दर १० मीटरवर माथ्याची पातळी सांडव्याच्या उंबऱ्याशी ताडून वहीत लिहा. दोन माणसांचं एका सकाळचं काम आहे. मूळ नकाशात माथा उंबऱ्याच्या २ मीटर वर असला, तर मधे तुम्हाला १.७ किंवा १.८ सापडला तरी मला नवल वाटणार नाही. आधी ते भरून काढा. माथा सपाट आणि पुन्हा मूळ उंचीला आणणं हे तुमच्या यादीत नसलेलं, पण सगळ्यांत मोलाचं काम आहे.

अर्धा मीटर पाणी म्हणजे १२ हेक्टरवर ६० हजार घनमीटर, सहा कोटी लिटर. मोह पडतो हे मला कळतं. रीतसर करायचं तर उंबरा उचलताना सांडवा २० चा ५७ मीटर लांब करावा लागेल, त्याच्या खालचा नाला तेवढा रुंद करावा लागेल, आणि वरच्या अंगाला ज्यांच्या जमिनी नव्याने बुडतील त्यांचं काय हेही बघावं लागेल. तो प्रस्ताव खात्यामार्फत जाऊ द्या. त्याऐवजी गाळ काढा. सहा कोटी लिटरची जागा एका उन्हाळ्यात होणार नाही. तीन घनमीटरच्या ट्रॉलीने वीस हजार खेपा होतात. पण तीन-चार उन्हाळे धरलेत तर जमतं, आणि गाळ शेतात जातो. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत त्याला वाट आहे. दोन बंधनं पाळा. बांधाच्या आतल्या पायथ्यापासून, बांधाच्या उंचीच्या तिपटीइतकं अंतर सोडा, म्हणजे तुमच्याकडे २५ मीटर. मी नेहमी तेवढं सोडत आलो. आणि गाळ संपून मुरूम लागला की जेसीबी थांबवा. मुरूम चांगला दिसतो म्हणून ठेकेदार खाली खाली जात राहतो, आणि पुढच्या पावसाळ्यात पोरांना माहीत नसलेला दोन पुरुष खोल खड्डा पाण्याखाली तयार असतो.

सांडव्याची अजून एक गोष्ट, जी कागदावर कधी येत नाही. मासेमारीचा ठेका दिला असेल तर सप्टेंबरमध्ये सांडव्यावर जाऊन बघा. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून जाळी लावलेली असते, जाळीला टेकू म्हणून दगड, दगडांत अडकलेली बेशरम आणि जलपर्णी. एकदा रात्री तीनला असाच सांडवा मोकळा करायला चार मजूर आणि मी कमरेला दोर बांधून उतरलो होतो. जाळी कोयत्याने तोडली तेव्हा पाणी असं सुटलं की एकाच्या पायातला गमबूट गेला. पातळी तासाभरात फूटभर उतरली. ठेकेदार सकाळी जाळ्याची भरपाई मागायला आला होता. ठेक्याच्या अटींतच लिहा: सांडव्यावर काहीही लावायचं नाही.

आता ओल.

पाझर तलाव पाझरणारच. तो पाझरावा म्हणूनच बांधला आहे. साठवण तलावाचा पाया खंदक जसा पक्क्या थरापर्यंत नेऊन काळ्या मातीने बंद करतात, तसा पाझर तलावाचा नेत नाहीत. पाणी जमिनीत मुरून खालच्या विहिरींना जावं हाच हेतू. त्यामुळे पायथ्याच्या पुढे नाल्यात बारमाही ओल असणं, तिथे लव्हाळा माजणं हे आजाराचं लक्षण नाही. तुम्हाला बघायचं आहे ते पाणी कुठून येतं, कसं येतं आणि वाढतं का.

कुठून? पायथ्याच्या खालून, जमिनीतून येत असेल तर थोडी उसंत आहे. उताराच्या अंगावर, पायथ्यापासून वर हातभर किंवा दोन हात उंचीवर ओल असेल तर काळजी जास्त, कारण मग बांधाच्या पोटातली पाण्याची रेघ, म्हणजे आतली माती जिथवर भिजलेली असते ती पातळी, उतारावर उघडी पडली आहे. आणि सोडवाहिनीच्या, म्हणजे तलावातलं पाणी खाली सोडायच्या विमोचकाच्या पाइपच्या कडेने पाणी येत असेल तर तिसऱ्या कशाचाही विचार न करता खात्याच्या माणसाला बोलवा. माती आणि काँक्रीट यांची सोयरीक कधी पुरती जुळत नाही. पाइपशेजारी माती नीट दाबता येत नाही, तिथे फट राहते, पाणी त्या फटीने मातीचा कण कण नेतं. पानशेत १२ जुलै १९६१ ला फुटलं, त्याचं मूळही धरणाच्या पोटातल्या सोडवाहिनीपाशी होतं. बांधकाम अपुरं होतं, वाहिनीच्या भागात वरचा भराव खचत गेला, आणि आदल्या रात्री जवान वाळूची पोती रचत राहिले तरी सकाळी पाणी पुण्याकडे निघालंच.

कसं येतं? स्वच्छ काचेची किंवा प्लॅस्टिकची बाटली घ्या, त्या पाण्याने भरा, रात्रभर खिडकीत ठेवा. सकाळी तळाला काही बसलं नसेल तर पाणी नुसतं पाणी आहे. गाळाचा पातळ थर बसला असेल तर तुमचा बांध आतून रोज थोडा थोडा बाहेर येतो आहे. एवढी साधी परीक्षा आहे, पण मी पाहिलेल्या दहा गावांपैकी नऊ गावांत ओलीवर वर्षानुवर्षं चर्चा होती आणि बाटली कोणी भरली नव्हती. पाऊस पडत असताना भरू नका, उताराचं धुपलेलं पाणी मिसळतं आणि उगाच घाबरायला होतं.

वाढतं का? ओलीच्या जागेतून लहान चर काढून पाणी एका पन्हाळीत आणा आणि दहा लिटरची बादली लावा. मोबाइलवर वेळ बघा. ४० सेकंदांत भरली, तर सेकंदाला पाव लिटर, दिवसाला २१,६०० लिटर. आकडा ऐकून दचकू नका, आकडा मोठा की लहान हे महत्त्वाचं नाही. विमोचकाच्या विहिरीवर रंगाने मोजपट्टी काढा, आणि दर रविवारी तीनच गोष्टी लिहा: तारीख, तलावाची पातळी, बादली भरायला लागलेले सेकंद. पातळी उतरली की पाझर कमी व्हायलाच हवा. पातळी तीच आणि पाझर गेल्या वर्षीपेक्षा जास्त, हे वाईट. पातळी उतरते आहे आणि पाझर वाढतो आहे, हे फार वाईट. ही वही शाळेतल्या आठवी-नववीच्या पोरांकडे द्या. मोठी माणसं दोन महिन्यांत कंटाळतात.

उपायाबद्दल बोलताना मला माझी एक चूक सांगावी लागेल. नोकरीचं दुसरं किंवा तिसरं वर्ष असेल. एका तलावाच्या पायथ्याशी असाच पाझर होता, गावकरी रोज दारात. मी चार ट्रॉल्या काळी माती आणवली, पाझराच्या तोंडावर टाकून चोपून घेतली. पाणी बंद. गावात माझा नारळ-टॉवेल देऊन सत्कार झाला. पुढच्या भाद्रपदात त्याच जागी उतार वीस मीटर लांबीत बसला. पाणी बंद झालंच नव्हतं. वाट बंद झाली म्हणून ते बांधाच्या पोटात साचलं, माती भिजून जड झाली आणि घसरली. पाणी तलावातलं फार नव्हतं म्हणून निभावलं. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, यातला प्रकार. तेव्हाच्या माझ्या वरिष्ठांनी एवढंच विचारलं, “पाणी अडवायचं कुठून असतं, आतून की बाहेरून?”

बाहेरून पाणी अडवायचं नसतं. त्याला वाट द्यायची आणि माती अडवायची. पाझराच्या जागेवरचं गवत आणि चिखल काढा. मग स्वच्छ, जाडसर वाळूचा वीतभर थर, त्यावर अर्ध्या इंची खडीचा थर, त्यावर मोठी खडी, सगळ्यांत वर दगड. वाळू मातीला धरते, खडी वाळूला धरते, दगड खडीला धरतात, आणि पाणी सुखाने निघून जातं. आम्ही याला उलटी गाळणी म्हणायचो. सिमेंट, प्लॅस्टिकचा कागद, काळी माती, यांतलं काहीही खालच्या बाजूला लावायचं नाही. काळ्या मातीचा थर द्यायचाच तर तो आतल्या बाजूने, तलाव कोरडा असताना, आणि आधी पाणी कुठून शिरतं ते कळलं असेल तरच. भर पावसाळ्यात पायथ्याशी पाणी उकळल्यासारखं, माती घेऊन वर येताना दिसलं तर त्याच्याभोवती पोत्यांचं विहिरीसारखं कडं करा आणि त्यात पाणी चढू द्या. कड्यातलं पाणी वरून दाब देतं आणि माती यायची थांबते. त्याचबरोबर खालच्या घरांना उठवा. हे तात्पुरतं आहे.

तिवऱ्याची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. चिपळूण तालुका, २ जुलै २०१९ च्या रात्री तिथलं धरण फुटलं. वीसहून जास्त माणसं गेली. गळतीच्या तक्रारी गावाने आधी केल्या होत्या. नंतर खेकड्यांमुळे धरण फुटलं असं एक विधान आलं आणि सगळा महाराष्ट्र त्यावर हसला. मी हसलो नाही, पण माझं कारण वेगळं आहे. खेकडा बांधात बीळ करतोच. घूस करते, साळिंदर करतं, मुंग्यांची वारुळं असतात. बांध म्हणजे मऊ मातीची, पाण्याजवळची, फुकटची टेकडी, त्यांना यापेक्षा चांगलं घर कुठलं मिळणार? पण बीळ एका पावसात होत नाही, ते वाढायला अनेक हंगाम लागतात, आणि प्रत्येक हंगामात ते दिसतं. बुजवायचं कोणी, हा प्रश्न खेकड्याला विचारून उपयोग नाही.

बीळ दिसायला मात्र बांध दिसायला हवा. इथून मी तुमच्या बागेकडे येतो, आणि मला माहीत आहे की हा भाग तुम्हाला आवडणार नाही.

बांधावर पेव्हर नको, बाकडी नकोत, दिव्यांचे खांब नकोत, फुलझाडं नकोत, लॉन नको. बांधावर हरळी, आणि फक्त हरळी. वर्षातून दोनदा कापलेली, घोट्याइतकी. पेव्हर ब्लॉक म्हणजे वरून कीर्तन, आतून तमाशा. माथ्यावर भेग पडली, एखादी जागा बसली, तर ती पेव्हरखाली झाकली जाते आणि कळेपर्यंत उशीर होतो. शिवाय ब्लॉकच्या सांध्यांतून पाणी शिरून माथ्यातच मुरतं. त्याऐवजी मुरमाची पायवाट करा, दीड मीटर रुंद, चोपून घट्ट, हलका उतार तलावाच्या बाजूला. चालायला ती गुडघ्यांना पेव्हरपेक्षा बरी, हे माझ्या वयाचा कोणीही सांगेल. दोन्ही टोकांना दगडी खांब रोवा, म्हणजे माणूस जाईल, मोटारसायकल आणि ट्रॅक्टर जाणार नाही. दिवे हवेतच तर ते दोन्ही टोकांच्या पक्क्या जमिनीवर. खांबासाठी बांधावर काढलेला प्रत्येक खड्डा आणि वायरीसाठी काढलेला प्रत्येक चर ही पाण्याला दिलेली चावी आहे. पाण्याच्या योजनेची पाइप बांधातून आडवी न्यायचा विचार कोणाच्या डोक्यात असेल तर तो तिथेच थांबवा. पाइप माथ्यावरून, उघडी न्यावी.

झाडांचं दुखणं दुहेरी आहे. जिवंत झाड वाऱ्यात हलतं आणि मुळांभोवती माती सैल करतं. कोसळलं तर मुळांसकट गाडीभर माती उपटतं. मेलेलं झाड त्याहून वाईट, कारण मुळं कुजतात आणि त्यांच्या जागी आरपार बोगदे राहतात. वेडी बाभूळ, सुबाभूळ, घाणेरी ही कोणी लावत नाही, ती येतात. अंगठ्याएवढी असताना उपटली तर दहा मिनिटांचं काम, मांडीएवढी झाली की टेंडर काढावं लागतं. झाडं लावा, भरपूर लावा, पण बांधाच्या खालच्या पायथ्यापासून किमान १० मीटर सोडून, आणि तलावाच्या वरच्या काठाने. करंज, जांभूळ, अर्जुन, उंबर. सावलीही तिथे, बाकडीही तिथे. तिथून तलाव बांधावरून दिसतो त्यापेक्षा छान दिसतो, कारण मावळतीचं ऊन समोरून येतं की पाठीवर पडतं हे तुम्हाला जागा निवडून ठरवता येतं.

नागपूरचा अंबाझरी तलाव बघून या, तुमचे तरुण सहलीला जाणारच असतील तर तिकडे न्या. शहराला पाणी मिळावं म्हणून १८७० साली केलेला, मातीचा बांध, पुढे शहराची फिरायची जागा झालेला. बाग, नौका, बांधावर वाढलेली झाडं, आणि पाणी जिथून ओसंडतं त्याच्या समोर एक स्मारक. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत झोपलेल्या लोकांच्या घरात पाणी शिरलं. माणसं दगावली. बांध फुटला नाही. पण नंतर सगळी चर्चा फिरली ती बांधावरची झाडं आणि सांडव्यासमोरचं बांधकाम यांच्याभोवती, आणि ती थेट उच्च न्यायालयात गेली. दीडशे वर्षांच्या तलावात शोभेसाठी हळूहळू जे जमा होतं, त्याचा हिशेब असा एका पहाटेत होतो.

आपल्याकडे हे शहाणपण नवं नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडचे माजी मालगुजारी तलाव कोहळी लोकांनी बांधले आणि पिढ्यान् पिढ्या सांभाळले. त्यांची पाळ, म्हणजे बांध, वेगळी, पाणी सोडायचं तुडुम वेगळं, आणि दोन्हींची देखभाल ठरलेल्या माणसांकडे. त्या तलावांवर मासे होते, कमळं होती, जत्रा होत्या. करमणूक होती, पण ती पाण्याच्या काठाने होती.

होड्यांचं थोडक्यात. आणा, पण पोहणाऱ्याला आणि न पोहणाऱ्याला जॅकेट घातल्याशिवाय बसवू नका. सांडव्यापासून आणि विमोचकाच्या विहिरीपासून ५० मीटरवर दोर आणि रिकाम्या कॅनची रांग तरंगती ठेवा. सोडवाहिनी चालू असताना विहिरीजवळ पाणी खाली ओढतं, वरून काहीच दिसत नाही, आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही ते समजत नाही. पावसाळ्यात सांडव्यावरून घोटाभर पाणी जात असताना तिथे फोटो काढायला गर्दी होते. शेवाळावर पाय सरकला की माणूस थेट खालच्या खडकावर. त्या दोन महिन्यांत तिथे साखळी लावा. काठावर दोन ठिकाणी ट्रॅक्टरच्या हवा भरलेल्या ट्यूब आणि २० मीटर दोर टांगून ठेवा, कुलपाशिवाय. चोरीला जातील. पुन्हा टांगा. आणि पोरांच्या पोहण्यासाठी एक जागा ठरवून द्या, तळ माहीत असलेली, उतरत्या काठाची. ‘पोहण्यास मनाई’ असा फलक लावून मोकळं होऊ नका, त्या फलकावरून पोरं उड्या मारतात. गणपतीसाठी बाजूला सिमेंटचा हौद करा. प्लास्टरच्या मूर्तींचा ढीग बांधाच्या आतल्या उतारावरच्या दगडी पिचिंगवर, म्हणजे दगडांच्या थरावर, बसतो आणि पुढे गाळ काढताना सगळ्यांनाच अवघड होतं.

उन्हाळ्यात माथ्यावर भेगा दिसतील. बांधाच्या लांबीच्या दिशेने गेलेल्या बारीक भेगा बहुतेकदा काळ्या मातीच्या उन्हाळी भेगा असतात. बांधाला आडवी, म्हणजे तलावाकडून शेताकडे जाणारी भेग मात्र एक जरी दिसली तरी सोडू नका. तिची खोली बघायची जुनी रीत: चुन्याचं पातळ पाणी भेगेत ओता, दुसऱ्या दिवशी शेजारी खड्डा घ्या, पांढरी रेघ जिथे संपते तिथे भेग संपली. तेवढं खोदून, ओलसर माती वीत वीत थराने चोपून भरायची. ओलसर म्हणजे मुठीत दाबली तर लाडू वळेल आणि बोटाला पाणी लागणार नाही अशी. बिळंही अशीच भरायची, तोंडावर दगड ठोकून नव्हे.

हे सगळं तुम्हीच का करायचं, खातं कशाला आहे, असं कोणी ग्रामसभेत विचारेल. रास्त आहे. आधी तलाव कोणाचा ते काढा. १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव साधारणपणे जिल्हा परिषदेकडे असतात, त्यावरचे ६०० पर्यंत मृद व जलसंधारण खात्याकडे. तिथे लेखी अर्ज द्या, पोच घ्या, मूळ नकाशाची प्रत मागा. पण एक जाणून असा. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू आहे, आणि १० ते १५ मीटरमधल्यांना काही अटींवर. त्या धरणांची पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी सक्तीची आहे. तुमचा बांध ८ मीटर. त्यासाठी कायद्याने कोणी येणार नाही. एका शाखा अभियंत्याकडे असे तलाव चाळीस-पन्नास असतात, आणि जीप असलीच तर तिला डिझेल नसतं. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, मी त्या जीपमध्ये बसलेला माणूस आहे. ३१ मेच्या आत एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, चार जणांनी आतला पायथा, माथा, बाहेरचा पायथा, सांडवा, विहीर या क्रमाने चालायचं आणि दिसेल ते वहीत लिहायचं. मुसळधार पावसाच्या रात्री दोघं जण जागे ठेवायचे, आणि नाल्याकाठच्या घरांचे फोन नंबर त्यांच्याजवळ असायचे. देवळाचा भोंगा बॅटरीवर चालतो का, ते मे महिन्यातच बघून ठेवा.

आता पिंपळ. तुम्ही लिहिलं आहे की तो बांध झाला त्याच सुमारास कोणीतरी लावला, त्याला पार आहे, म्हातारी माणसं तिथे बसतात, आणि तो बाहेरच्या उतारावर आहे. सांगायला जड जातं. तो बांधाच्या टोकाशी, जिथे बांधाची उंची मीटरभर आहे आणि पाणी कधी टेकतच नाही, तिथे असेल तर राहू द्या. मधल्या शंभर मीटरमध्ये असेल तर त्याला जावं लागेल. फक्त बुंधा तोडून भागणार नाही, तसं केलंत तर ठेवलेला बरा. फांद्या एका वर्षी उतरवा. झाड काढणं पुढच्या एप्रिलमध्ये, तलाव तळाला गेलेला असताना, खात्याचा अभियंता समोर उभा ठेवून. मनगटापेक्षा जाड मूळ दिसेल तिथपर्यंत खोदत जायचं, मग वीत वीत थराने भरत वर यायचं. जूनच्या पहिल्या पावसाआधी खड्डा भरून हरळी लावून व्हायला हवी, नाहीतर त्या वर्षी हातच लावू नका. त्याच पिंपळाची दोन रोपं यंदाच वरच्या काठावर लावून ठेवा. आणि तोवर त्याच्या पाराखालची जमीन दर रविवारी, ती बादली मोजायला जाल तेव्हा, हात लावून बघत जा.